सरावाचा खड्डा

हिमकडा कोसळून माझा धाकटा भाऊ बर्फाखाली गेला, तेव्हा त्याचा जिवलग मित्र हाकेच्या अंतरावर उभा होता. पाठीवर फावडं, गळ्यात बर्फाखालचा माणूस शोधायचं यंत्र. दोन्हींना हात न लावता "मी मदत घेऊन येतो" असं ओरडून तो खाली गावाकडे पळाला. हे त्यानेच आम्हाला रडत रडत सांगितलं. गावातली माणसं वर पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तरी आईसुद्धा म्हणाली, "बिचारा किती धावला!" मी दातओठ खाल्ले.

आज गाइडचा परवाना हवा म्हणून तो माझ्याच प्रशिक्षणाला आला. मी सगळ्यांना पहिलाच नियम सांगितला, "बर्फाखाली श्वास फार वेळ पुरत नाही. सोबत्याने तिथेच थांबून उकरायचं. खालून येणारी मदत मढं उचलायलाच येते." त्याने मान खाली घातली.

सरावासाठी एकाला बर्फातल्या खड्ड्यात झोपवतात. वर फळ्या, फळ्यांवर बर्फ, हवेसाठी नळी आणि हातात वॉकीटॉकी. मी त्यालाच झोपवलं. बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि फावडं मांडीवर घेऊन खड्ड्याशेजारी बसले.

थोड्या वेळाने माझ्याजवळचा वॉकीटॉकी खरखरला.

"ताई, कुणी शोधत का नाहीये? जीव घाबरा होतोय गं. काढ ना मला!"

मी बटण दाबलं.



"घाबरू नकोस हं. मी मदत घेऊन येते."