घडवणारा चालतो

"थांबायला जमायचं नाही बाई, माती सुकेल. बोलायचं असेल तर माझ्यामागं चालत बोला."

फल्लीने मानही वर केली नाही. ओंडक्यावर ओलं मडकं होतं. डाव्या हातातला गोल बट्टा मडक्याच्या पोटात, उजव्या हातातली लाकडी थापी बाहेरून, आणि ती स्वतः मडक्याभोवती फिरत होती. तिच्या गावात कुणाकडेच चाक नव्हतं. मडकं जागेवर बसतं, कुंभारीण फिरते, ही इथली रीत.

शाळेच्या मलिसबाईंनी चपला काढल्या, पिशवी खांबांवर उभ्या घराच्या शिडीवर ठेवली आणि निमूट तिच्यामागे चालू लागल्या. पिशवीत पृथ्वीचा गोल होता, बॅटरी होती आणि केसोरचा पेपर होता.

केसोर, फल्लीची लेक, घराखालच्या सावलीत माती मळत होती. बाईंकडे तिने एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. आठ दिवस ती बाजारातल्या शाळेत गेली नव्हती. दिवस-रात्र का होतात, या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, 'सूर्य पृथ्वीभोवती चालतो म्हणून. घडवणारा चालतो, घडणारं बसून राहतं.' मलिसबाईंनी त्यावर लाल फुली मारली आणि वर भर वर्गात वाचून दाखवलं. तेव्हापासून बाजारातली पोरं तिला रोज विचारायची, "काय गं, दमला का तुझा सूर्य?"

"ती म्हणते, शाळा नको. मी म्हटलं, बरं," फल्ली म्हणाली. "मलाही दोन हात हवेच आहेत. शाळेनं काय दिलं तिला? फुली."

"फुली मी मारली ताई. आणि तिचं हसंही मीच केलं. म्हणून तर आलेय."

थापी पडत राहिली. कुठे जोरात, कुठे नुसती टेकल्यासारखी. मडक्याची भिंत सगळीकडे सारखी होत होती, आणि फल्ली तर तिच्याकडे धड बघतही नव्हती. मलिसबाईंना कौतुक वाटलं, आणि लगेच गरगरायलाही लागलं.

"किती फेऱ्या होतात हो एका मडक्याला?"

"मोजायला कोण बसलंय? चक्कर येत असेल तर मडक्याकडं बघू नका. लांब बघा."

बाईंनी लांब पाहिलं. मडक्यापलीकडे ताडाचं झाड होतं. ते सरकलं. मग बैलगाडी आली आणि गेली. घर आलं. घराखालची केसोर आली आणि गेली. पुन्हा ताड.

बाईंचा पाय अडखळला.

"केसोर! इकडे ये बाळा. मी दमले. माझ्या जागी तू चाल."

केसोर आली, पण तोंड फुगवूनच. आईच्या मागे चालायला तिला शिकवायची गरज नव्हती.

"मडक्याकडे बघू नकोस. पलीकडे बघ. काय दिसतं?"

"ताड."

"आता?"

"गाडी... घर. तुम्ही. पुन्हा ताड."

"कोण फिरतंय?"

"मी फिरतेय. ताड कसा फिरेल?" केसोर चिडली. अशी कसली शिक्षिका, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आणि आपले पाय चालताहेत हे तुला ठाऊकच नसतं तर?"

केसोर चार पावलं चालली. मग थांबली. बाजूला होऊन तिने जागच्या जागी एक गिरकी घेतली. ताड, गाडी, घर, ताड. दुसरी गिरकी जरा हळू घेतली, मान वर करून. सूर्य ताडाच्या शेंड्याशी होता. तो एका बाजूने आला आणि दुसऱ्या बाजूने गेला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "सूर्य ताडासारखा आहे का? आणि गिरकी आपणच घेतोय?"

नऊ वर्षं मलिसबाई वर्गात पृथ्वीचा गोल फिरवत होत्या. पोरं उत्तर पाठ करायची, पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "कुणीतरी फिरतंय म्हणून दिवस-रात्र होतात, हे तू अगदी बरोबर ओळखलंस. फिरणारा कोण, तेवढंच चुकलं. आणि जुन्या काळच्या मोठमोठ्या शहाण्यांचंही तेच चुकलं होतं."

केसोरचं समाधान झालं नाही. "पण मी फिरले की मला कळतं. पृथ्वी फिरते तर कळत का नाही?"

"तर काय!" फल्ली पहिल्यांदाच हसली. "तीस वर्षं तो ताड माझ्याभोवती फिरतोय. पाय मात्र माझेच दुखतात."

"तेच म्हणतेय मी. पृथ्वीचे पाय कसे दुखत नाहीत?"

मलिसबाई हसल्या नाहीत. "हे वर्गात विचारशील? सगळ्यांनी मिळून शोधू."

केसोरने आईकडे पाहिलं. थापी थांबली. माती सुकत असतानाही थांबली. फल्लीने लेकीच्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत मातीने भरलेल्या.

"हात धू," ती म्हणाली. "आणि कुणी हसलं ना, तर त्याला इथं पाठव. एक मडकं करू दे, मग बघू कोण दमतो ते."

थापी पुन्हा पडू लागली. केसोर रांजणाकडे पळाली. मलिसबाई घराचा खांब धरून उभ्या होत्या, ताड थांबण्याची वाट पाहत.