सुशील मोटार

विहिरीत कमरेएवढ्या पाण्यात सुशील मोटारीची तुटलेली केबल जोडत होता. “हर्षा, माहा फोन बगीच्यात पडला. रिंग देऊन पाह्य वं.” काठावरून बायकोने घाईत नाव दाबून संत्र्याच्या झाडांकडे कान लावला. काहीच वाजलं नाही. तिने स्क्रीन पाहिली: ‘सुशील’खालचं ‘सुशील मोटार’ दाबलं गेलं होतं. त्या नंबरचं सिम स्टार्टरच्या पेटीत होतं. रिंग गेली की मोटार सुरू व्हायची. शेजारच्या शेतात पंप चालू होता, म्हणजे लाइन होती. खाली नवऱ्याच्या हातात उघड्या तारा. फोनमधून पेटीचा रेकॉर्डेड आवाज आला, “वीजपुरवठा नाही.” तिने वळून पाहिलं. पेटीशी उभ्या सासऱ्यांनी मूठ उघडली: काढून ठेवलेले तीन फ्यूज. त्यांच्या या सवयीला सुशील हसायचा. “आता लाव त्याले फोन,” ते म्हणाले. तिने फोन त्यांच्याच हातात दिला.