पंपघरातलं कुत्रं

“आता भुंकेल,” दोन वेण्यांवाली म्हणाली.

जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आठही पोरांनी माना वर केल्या. गल्लीच्या टोकाला पंपघर घरघरत होतं, गेली अकरा वर्षं रात्रंदिवस घरघरतं तसंच. त्या घरघरीतून एक कुत्रं भुंकलं. एकदाच.

“चाळीस मिनिटं,” घड्याळ धरून बसलेला जाड्या म्हणाला. “कालच्यासारखीच. ना कमी, ना जास्त.”

“वहीत मांडा,” बाई म्हणाल्या.

दारात उभी असलेली बाईंची लेक वळून पंपघराकडे बघू लागली. पंपवाल्याचं ते कुत्रं गेल्या थंडीतच मेलं होतं. याच पोरांनी त्याला रडत रडत पुरलं होतं.

लेक नगरपालिकेत कारकून होती. समुद्र दरवर्षी बोटभर वर सरकत होता आणि ही गल्ली आता त्याच्या पातळीहून खाली गेली होती. झिरपून येणारं पाणी उपसायला पालिकेने पंप बसवला. टेकडीवर नवी घरं बांधायचंही ठरलं, पण तिथे अजून नुसते पाये होते. तोवर सगळी गल्ली पंपाच्या जिवावर झोपायची.

मंगळवारी पंप जळाला.

“नवी मोटर दोन दिवसांत येते,” नगराध्यक्ष म्हणाले होते. “तोवर आवाज थांबता कामा नये. गल्ली एकदम उठली तर त्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होईल. आणि हे बाहेर फुटलं, तर फोडणाऱ्याने नोकरी विसरायची.”

मागच्या वर्षी कुणीतरी पंपाच्या आवाजाची तक्रार केली होती. तेव्हा पुरावा म्हणून लेकीनेच पंपघरात बसून चाळीस मिनिटं आवाज टिपून आणला होता. तोच तिने फायलींतून शोधून दिला. थंडगार पडलेल्या मोटरीशेजारी भोंगा बसला आणि आवाज पुन्हा सुरू झाला. संपला की पहिल्यापासून.

आज शुक्रवार. मोटर आलेली नव्हती. साडेचारला उधाणाची भरती होती. निदान आईला तरी इथून काढावं, म्हणून लेक भर दुपारी आली होती. येताना गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं लोटलेली होती.

“आई, चार दिवस माझ्याकडे चल,” ती म्हणाली. “तुझ्या नातीची परीक्षा आहे. तुझ्याशिवाय ती गणिताला बसतच नाही.”

बाईंनी हातावरचा खडू झटकला. “तिची परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. तिनेच सांगितलं मला. अगं, खोटं बोलायचं तर माणसाने आधी गृहपाठ तरी करावा.”

पोरं फिदीफिदी हसली. लेकही हसायला गेली, पण हसू ओठांवरच वाळलं.

ती खाली बसली. फरशीला हात टेकला तर तळवा ओला झाला. भिंतीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती, आणि तिच्यावरून मुंग्यांची रांग अंडी घेऊन छपराकडे चालली होती. कोपऱ्यातल्या दोन फरश्यांच्या सांध्यातून एक बुडबुडा वर आला. फुटला. मग दुसरा आला.

“ताई, तिथे नका बसू,” जाड्या समजुतीने म्हणाला. “तिथलं पाणी रोज वाढतं. आम्ही पट्टीने मोजतो.”

“येते मी तुझ्याकडे,” बाई म्हणाल्या. “आत्ता येते. पण ही आठ जणं? यांची शिकवणी साडेपाचपर्यंत असते. यांना म्हणू काय, बसा?”

लेकीने ओला तळवा पुसला. बाई तिच्याकडे बघत थांबल्या. मूल फळ्यासमोर अडलं की त्या अशाच थांबत. कधी उत्तर सांगून मोकळ्या होत नसत.

घरघर चालू होती. सांध्यातून आणखी एक बुडबुडा आला. पुढच्या ओळीतल्या सगळ्यात लहान मुलीने आपली वही उचलून मांडीवर घेतली, कारण खालून तिची पानं भिजू लागली होती.

“आई, पंप बंद आहे,” लेक म्हणाली. “मंगळवारपासून. तो आवाज खोटा आहे, आणि तो मीच दिलाय. साडेचारला पाणी आत येईल. मुलांना उठव.”

कुणी ओरडलं नाही. कुणी रडलं नाही. दोन वेण्यांवालीने बाईंकडे पाहिलं. “म्हणजे आपलं उत्तर बरोबर?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “वह्या मिटा.”

पोरं उठली. प्रत्येकाने भिंतीजवळचं दप्तर पाठीवर घेतलं. दप्तरं फुगलेली होती. एकातून स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती. बाईंनी दाराआडून भरलेली पिशवी काढली.

लेक बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. लोटलेली सगळी दारं उघडली होती. गल्लीतली झाडून सगळी माणसं, एकामागे एक घर, अशी ओळीत उभी होती. अर्ध्याहून अधिक जण बाईंच्याच हाताखाली शिकलेले. शिंप्याने शिलाईचं मशीन हातगाडीवर बांधलं होतं. त्याच्या लुळ्या बापाला दोघांनी खुर्चीसकट उचललं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोक्यावरून ती घरघर वाहत होती.

“तुम्हाला कधी कळलं?” तिने विचारलं.

“मंगळवारीच,” बाई म्हणाल्या. “आवाज होता तसाच होता, पण भिंती थरथरायच्या थांबल्या.”

“मग अजून इथे का थांबलात सगळे?”

बाई ओणव्या होऊन चपला घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“हे सगळे दोनलाच निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, माझी लेक येऊन खरं सांगणार आहे, साडेतीनपर्यंत थांबा.”