गॅरेजमधली तिजोरी

तिजोरी उघडली आणि सुमंतच्या हातातलं तेलकट फडकं तिथंच थांबलं. आत एकही बंदूक नव्हती. रायफली, पिस्तूल, हौसेनं घेतलेली जुनी शॉटगन, सगळं गेलं होतं. खालच्या कप्प्यातले काडतुसांचे डबेसुद्धा.

कुलूप फोडलेलं नव्हतं. कुणीतरी बरोबर नंबर दाबून दार उघडलं होतं आणि जाताना नीट लावून घेतलं होतं. चोर एवढे सभ्य नसतात.

"अक्षत," सुमंत दात आवळून म्हणाला.

नंबर त्याच्याशिवाय फक्त बायकोला आणि मुलाला ठाऊक होता. अहिल्येनं जन्मात कधी बंदुकीला हात लावला नव्हता. राहिला मुलगा.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरात गॅरेज म्हणजे सुमंतचं राज्य. इंजिनिअरची नोकरी संपल्यावर त्याला हा नाद लागला. नेमबाजीच्या रेंजवर पडलेल्या पितळी पुंगळ्या तो गोळा करून आणायचा, धुऊन लखलखीत करायचा आणि प्रेसवर बंदुकीची दारू घालून एकेक करून पुन्हा भरायचा. "आमच्याकडे दारू फक्त गॅरेजमध्ये मिळते," असं मराठी मंडळात सांगून स्वतःच मोठ्यानं हसायचा. बंदुकांच्या नळ्या पुसायला बसला की सफाईच्या औषधाचा उग्र वास थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा. अहिल्या काही बोलायची नाही.

सून बोलायची. "बाबा, घरात गन्स आहेत तोवर उर्वीला मी तुमच्याकडे एकटीला नाही ठेवणार," असं प्रीतानं नातीबद्दल तोंडावर सांगितलं होतं. त्यात कुंपणावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण झालं. सुमंतनं शेजाऱ्याला 'बघून घेईन' म्हणायचा प्रयत्न केला. इंग्रजीत ते भलतंच काहीतरी झालं, पण टेबलावर आपटलेली मूठ सगळ्यांना समजली. तेव्हापासून मुलगा आणि सून आपल्याशी जपून बोलतात, हे सुमंतच्या लक्षात आलं होतं. ते जपून बोलणंच त्याला जास्त झोंबत होतं.

तो गाडीची किल्ली घेऊन स्वयंपाकघरात आला. अहिल्या ओट्यापाशी नुसतीच उभी होती.

"तुझ्या लाडक्यानं माझ्या बंदुका उचलून नेल्यात."

"अहो, जाऊ नका आत्ता. शांत व्हा आधी."

"माझ्या घरात चोरी होते आणि मी शांत होऊ?"

"मग मी पण येते," ती म्हणाली आणि तशीच, ओढणीसुद्धा न घेता, गाडीत जाऊन बसली.

वाटेत सुमंतची तोफ चालूच होती. "तूच त्यांना डोक्यावर चढवून ठेवलंस. पैठणी काय, देऊन टाकली प्रीताला. दर थंडीत लेकरासारखी घरात आणायचीस ती कढीपत्त्याची कुंडी, ती मंडळातल्या नीनाला दिलीस. सगळं वाटून टाक! उद्या मलाही दे कुणालातरी."

अहिल्या खिडकीबाहेर बघत होती. "तुम्हाला कुकर लावता येतो आता," ती म्हणाली.

"हे काय उत्तर झालं?"

सुमंतनं रागानं गाडी आणखी जोरात हाणली.

अक्षतच्या घराचं दार प्रीतानं उघडलं. त्यांना बघताच तिनं मागे वळून उर्वीला वरच्या खोलीत पाठवलं. त्यानं तर सुमंतच्या अंगाचा भडकाच उडाला. आपली नात, आणि तिला आपल्यापासून लपवतायत!

"अक्षत! बाहेर ये!"

अक्षत आतून आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्यानं वडिलांच्या खांद्यावरून आईकडे बघितलं. लहानपणी काच फुटली की असाच आईकडे बघायचा.

"तिच्याकडे काय बघतोस? माझ्याशी बोल. तू नेल्यास?"

"हो, बाबा."

"कुठं आहेत?"

"एका गनशॉपमध्ये, लॉकरला. सेफ आहेत. तिथून आणू नका, प्लीज."

"का?"

अक्षतनं पुन्हा आईकडे बघितलं.

"का, ते सांग ना! म्हातारा पिसाळलाय असं वाटतं? मी शेजाऱ्याला गोळी घालणार? का तुझ्या बायकोला? एवढी वर्षं हातानं काडतुसं भरतोय मी. एकदा तरी बेफिकिरी झाली माझ्याकडून?"

"तसं नाहीये, बाबा," प्रीता म्हणाली. "बसा ना आधी. मी पाणी आणते."

"पाणी नको मला! बापाला न विचारता त्याची तिजोरी उघडतोस, वर कारणही सांगत नाहीस?" सुमंतनं खिशातून फोन काढला. "ठीक आहे. मग पोलिसांना सांग. मुलानं माझ्या बंदुका चोरल्या, असंच सांगतो मी त्यांना."

"बाबा, असं करू नका, यार." अक्षतचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाहीतर करा. लावा फोन. पण मी सांगणार नाही."

एवढा हट्ट! पोरगं हातकड्या घालून घेईल, पण बापाला उत्तर देणार नाही. सुमंतनं नऊ दाबला. मग एक.

अहिल्येनं त्याचं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"त्यानं मला शब्द दिलाय, म्हणून तो गप्प आहे," ती म्हणाली. "तुमची भीती कुणालाच नव्हती हो. तुम्ही सकाळी फिरायला गेलात की मी रोज त्या तिजोरीपाशी जाऊन बसायला लागले होते. परवा नंबर दाबून ती उघडली, आणि मग माझी मलाच भीती वाटली म्हणून अक्षतला फोन केला."