मौनाचा सोमवार

श्रावणातल्या सोमवारी काशीबाईचं दिवेलागणीपर्यंत मौन असे. पडवीत तिच्या नवऱ्याने, हिरामणने, ट्रॉलीच्या ढिल्या हुकाला वॉशर वेल्ड केला. “आता खडखड नाय. जनू, मूर्ती धरून ट्रॉलीत बस,” तो लेकाला म्हणाला. रोह्याला गणपती पोचवायचे होते.

ट्रॅक्टर सुरू झाला आणि काशीबाईला दिसलं, हुकाची पिन निसटू नये म्हणून लावायची क्लिप तुळशीच्या कट्ट्यावरच राहिली होती. तिने दोन्ही हात हलवले.

“आज दोन हातांनी निरोप काय गो?” हिरामण हसला आणि निघाला.

‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि क्लिप घेऊन ट्रॅक्टरमागे धावली.

रामवाडीच्या उतारावर ट्रॉली सुटून उलटली. मूर्तींखाली दबून जनू गेला.

&nbsp;

सात वर्षं हे मौन ती जनूच्या आयुष्यासाठीच पाळत होती.