कोरडा तांदूळ

हौशीराम भगताने झुंबरच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवले. झुंबर त्याची नात. तिच्याआधी वर्गातल्या पाच मुलांनी तांदूळ चावून पळसाच्या पानांवर थुंकले होते. पाचही जणांचा चोथा ओला निघाला होता.

"चाव बाळ," भगत म्हणाला. "भिऊ नगं."

शाळेच्या ओट्याभोवती गाव जमलं होतं. मधोमध खुर्चीवर महिपती पाटील बसले होते. शाळेच्या मास्तरीण नंदाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

शाळेचं गजराचं घड्याळ टेबलावरून नाहीसं झालं होतं. घड्याळ लोकल बोर्डाचं, म्हणजे सरकारी. फौजदाराला कळवावं लागेल, असं नंदाबाईंनी पाटलांच्या कानावर घातलं. गावात पोलीस नकोत म्हणून पाटलांनीच भगताला बोलावलं. नंदाबाईंना तेच हवं होतं.

चोर धरायची भगताची रीत साऱ्या पवन मावळात ठाऊक होती. मंतरलेला तांदूळ चावायचा आणि थुंकायचा. खऱ्याचा ओला, चोराचा कोरडा. पंधरा वर्षांमागे याच गावात पाटलिणीच्या हातातले चांदीचे गोट हरवले. भगताने वाड्यावरच्या गडीमाणसांना तांदूळ दिला. त्यांत धुणीभांडी करणारी अंबूबाई होती. विधवा, पदरात एक लहान मुलगी. तिच्या तोंडातून कोरडी पिठी पडली. भगत म्हणाला, "हीच." पुढे कुणी काही विचारलं नाही. मायलेकींना त्याच दिवशी गाव सोडावं लागलं.

त्या लोणावळ्याला गेल्या. तुंगार्लीच्या एका बंगल्यात अंबूबाईला काम मिळालं. बंगल्यातल्या पारशीणबाईंनी मुलीला शाळेत घातलं. अंबूबाई मरेपर्यंत परक्या माणसाशी बोलण्याआधी पाण्याचा घोट घ्यायची.

ती मुलगी म्हणजे नंदाबाई. मास्तरीण झाल्यावर त्यांनी याच गावची नेमणूक मागून घेतली. गावात त्यांना कुणीही ओळखलं नाही.

वर्षभर त्यांनी मुलांना मनापासून शिकवलं. दोन मडक्यांत वाल लावले. एक मडकं उन्हात, एक अंधारात. माती तीच, पाणी तेवढंच. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," त्या सांगत. "आणि उत्तर आधी मनात ठरवायचं नाही. ठरवलं, तर ती परीक्षा राहत नाही." झुंबर पुढच्या ओळीत बसून ऐकायची. पोर हुशार होती, पण चारचौघांत पाढा म्हणायला उभी केली की तिची जीभ टाळूला चिकटायची. नंदाबाईंनी ते पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

आज रांग लावताना त्यांनी झुंबरला शेवटी उभं केलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घड्याळ शेवटचं मी हिच्याच हातात पाहिलं होतं."

झुंबर चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली. मग पानावर कोरडी पांढरी पिठी पडली.

"कोरडा हाय," मागून कुणीतरी म्हणालं. झुंबरच्या शेजारची मुलगी दोन पावलं बाजूला सरकली.

भगत पानाकडे बघत राहिला.

"बोला आबा," नंदाबाई म्हणाल्या. "चोर कोण?"

भगताने पान उचलून हातात घेतलं.

"मागे तर लगेच सांगितलं होतंत. अंबूबाई आठवते? मी तिची मुलगी."

पाटलांनी मान खाली घातली. भगताने नंदाबाईंचा चेहरा निरखून पाहिला, मग नातीचा. झुंबर रडत नव्हती. तोंड उघडं टाकून नुसती श्वास घेत होती.

"तांदूळ खोटा," भगत हळू म्हणाला. "भ्यालं की तोंड सुकतं. माजी पोर चोर न्हाई."

"आणि माझी आई?"

"ती बी नव्हती."

"मोठ्याने म्हणा. पाटलांना ऐकू गेलं पाहिजे."

म्हातारा पाटलांकडे वळला. "अंबूबाई चोर नव्हती," तो मोठ्याने म्हणाला.

हे शब्द त्या माणसाच्या तोंडून, या माणसांदेखत वदवून घ्यायचे, एवढ्यासाठीच नंदाबाई या गावात आल्या होत्या. त्यांनी ते पुरते ऐकून घेतले. मग आत जाऊन कपाटाचं कुलूप काढलं, घड्याळ बाहेर आणलं आणि पाटलांच्या पुढ्यात ठेवलं.

"मुलांनो, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "एखादी परीक्षा खरी की खोटी हे बघायचं असेल, तर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा ठिकाणी ती करून बघायची. चोरी झालेलीच नव्हती. घड्याळ माझ्याच कपाटात होतं. तरी यांच्या तांदळाने चोर दाखवला."

पाटील उठून चालते झाले. भगताचा तांदूळ यापुढे मावळात कुणी तोंडात घालणार नव्हतं, हे सगळ्यांनाच कळलं होतं. पण मुलं घड्याळाकडे बघत नव्हती. ती झुंबरकडे बघत होती. बाजूला सरकलेली मुलगी अजून जागेवर परत आली नव्हती.

भगताने उरलेला तांदूळ अंगणात कोंबड्यांपुढे टाकला. खाली बसून नातीच्या ओठांवरची पिठी धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिचा हात धरला. पायऱ्या उतरून गेल्यावर तो थांबला.

"बाई," तो म्हणाला, "माज्या वक्ताला चोरी तरी झालती."