लाजरी

"तेवढं काढून टाका ना हो," भरतकामवाल्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

इंजिनिअर टेबलाखाली आडवा पडून वायरी बांधत होता. वर यंत्राचा पांढरा हात कापडावर फुलं भरत होता. साखळी टाका, गाठीचा टाका, मग दोरा जरासा ओढून घेणं. टाकान् टाका बाईंचाच. तीन आठवडे त्यांनी तारा लावलेले हातमोजे घालून घरी भरतकाम केलं होतं, डोक्यावर कॅमेरा आणि शेजारी डबीएवढा माइक. त्यावरून हे यंत्र शिकलं. सकाळी प्रदर्शनाच्या दालनात आल्या आल्या पहिलं फूल बघून बाई चक्क खूश झाल्या होत्या. "अगंबाई, माझ्यापेक्षा देखणं भरतंय की हे!"

मग कुणीतरी बाहेर गेलं आणि दालनाचं जड दार धाडकन आपटलं.

यंत्राचा हात सुईसकट मागे आला. टेबलाच्या कडेला चिकटला, बोटं आत वळली. चार-पाच सेकंद तसाच. मग हळूच कापडावर जाऊन अर्धी राहिलेली पाकळी पुरी करायला लागला. आजूबाजूची माणसं खळखळून हसली. बाई वाकून टेबलाखालच्या इंजिनिअरला विनवायला लागल्या.

घरचं दार असंच वाजायचं. सव्वासहाला, नवरा कामावरून आला की. बावीस वर्षांत बाईंनी आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना दर वेळी जिन्यावरून पडले म्हणून सांगायच्या, आणि राहायच्या तळमजल्यावर. एवढं सगळं झाकून नेलं, आणि आता हा मेला हात चारचौघांत सांगत सुटलाय!

"मावशी, ते नाही निघत," इंजिनिअर टेबलाखालून म्हणाला. "दुधात विरघळलेली साखर काढा म्हणताय तुम्ही. ते काढायला गेलो तर फुलंही जातील. रविवार सोडून अठरा दिवस नोंद केली आपण. अठरा वेळा दाराचा आवाज, अठरा वेळा हात आत. एक दिवस चुकलेला नाही. आम्हाला वाटलं, भरतकामात असं करतातच. सुई लागू नये म्हणून."

"हो," बाई म्हणाल्या. "लागू नये म्हणूनच."

तेवढ्यात चित्रकार मॅडम आल्या. हे सगळं त्यांचंच काम, त्यांचंच प्रदर्शन. बाईंचं म्हणणं ऐकून त्या हसायलाच लागल्या.

"काढायचं? काकू, अहो, लोक तेच तर बघायला येणार आहेत! नाव वाचलंत ना भिंतीवर? 'लाजरी'. यंत्राला लाज आली कुठून, हाच तर माझा प्रश्न आहे."

बाईंनी तोंड उघडलं. प्रश्नाचं उत्तर त्यांच्या जिभेवरच होतं. पण मॅडमच्या हातात माइक होता, मागे दोन कॅमेरे होते. आता बोललं की तेही भिंतीवर लागणार, नावाच्या खाली.

"ह्यांनी बघितलं तर..." एवढंच त्या म्हणाल्या.

"बघणारच आहेत! मीच त्यांना फोन करून बोलावलंय. चारला येतायत. तुम्हाला सरप्राइज!"

पावणेचार झाले होते. बाईंना काही सुचेना. त्या दाराशी गेल्या, प्रदर्शनाचं एक माहितीपत्रक घेतलं, चार घड्या घातल्या आणि दाराच्या फटीत खुपसलं. आता दार आपटणार नाही. त्यांना जरा धीर आला. पण त्या टेबलापाशी परततायत तोवर वॉचमनने ती घडी काढून कचऱ्यात टाकलीसुद्धा. "दार उघडं ठेवायचं नाही बाई, एसी चालू आहे."

चारला नवरा आला. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून. त्याच्यामागे दार आपोआप बंद झालं. धाडकन.

यंत्राचा हात मागे आला. माणसं हसली.

तो जागच्या जागी थांबला. त्याने त्या पांढऱ्या हाताकडे बघितलं, मग बाईंकडे. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं हे बघणारा तो एकटाच होता.

त्याने मागे वळून दार उघडलं आणि हाताने धरून अगदी अलगद लावलं. जराही आवाज झाला नाही. यंत्र शांतपणे टाके घालत राहिलं. इतक्या हळू दार लावता येतं त्याला, हे बाईंना आज कळलं.

लोकांचा मात्र विरस झाला.

"काका, असं नाही, जोरात!"

"एकदाच! व्हिडिओ काढायचाय!"

"आपटा हो बिनधास्त," मॅडम हसत म्हणाल्या. "घरचंच दार समजा!"

तो थोडंसं हसला. बाईंकडे बघत त्याने दार पूर्ण उघडलं आणि आपटलं.

यंत्राचा हात टेबलाच्या कडेला चिकटला, बोटं आत वळली. टेबलाच्या बाजूला बाई उभ्या होत्या. दोन्ही हात छातीशी, बोटं आत वळलेली, मान खाली. चार-पाच सेकंद तशाच. सगळे एकदा यंत्राकडे बघत होते, एकदा बाईंकडे.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतली एक मुलगी मोबाइल सावरत मैत्रिणीला म्हणाली, "काय हुबेहूब करतायत गं काकू! यंत्राचं बघून बघून शिकल्या वाटतं."